चकचकीत बॉनेट आणि पेंटरचा दमा

कार शोमधला परीक्षक गाडीकडे लांबून पाहत नाही. तो बॉनेटवर तिरका टॉर्च धरतो आणि फडक्याने पुसताना पडलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे शोधतो. दरवाजा आणि फेंडर यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत आला आहे का, चाकांच्या नटांच्या खोबणीत ब्रेकची काळी भुकटी राहिली आहे का, हे बघून गुण देतो. अशा ठिकाणी आता फक्त विंटेज गाड्या नसतात. दहा-बारा वर्षांची स्विफ्ट किंवा पोलो महिनोन्महिने घासूनपुसून आणणारी मुलेही असतात. पगारातून पैसे बाजूला काढून, रविवार खर्ची घालून त्यांनी ती गाडी उभी केलेली असते.

या छंदाची टिंगल करण्याचे काही कारण नाही. दोन हात आणि पूर्ण लक्ष गुंतवणारे, चार मित्र जोडणारे काम मनाला चांगलेच असते. मोबाइलवर बोट फिरवत घालवलेल्या रविवारापेक्षा क्ले बार घेऊन दरवाजा साफ करण्यात गेलेला रविवार केव्हाही बरा. प्रश्न येतो तो मालक ‘पूर्ण रिपेंट करून टाकू’ म्हणतो तेव्हा.

आजच्या गाडीची चमक रंगाची नसते, रंगावरच्या पारदर्शक थराची असते. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘टू-के क्लिअर’ म्हणतात. हा थर दोन डब्यांतून तयार होतो. एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायने असतात, बहुधा हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटपासून बनवलेली. दोन्ही मिसळले की काही तासांत काचेसारखा कडक पापुद्रा तयार होतो. आयसोसायनेट हे नाव ऐकून भोपाळ आठवणे स्वाभाविक आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथे सुटलेला मिथिल आयसोसायनेट याच कुळातला, पण तो अतिशय बाष्पनशील होता. हार्डनरमधले रसायन त्या मानाने फारसे उडत नाही. डबा नुसता उघडला म्हणून कोणी कोसळत नाही आणि त्यामुळेच त्याची भीती वाटत नाही. स्प्रे गनमधून ते फवारले की चित्र बदलते. न उडणारे रसायनही मग अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने श्वासात जाते. त्यातले बरेच थेंब डोळ्यांना दिसत नाहीत, आणि धोका निर्माण होण्याइतके प्रमाण हवेत असले तरी नाकाला आयसोसायनेटचा वास येत नाही. गॅरेजमध्ये जो घमघमाट येतो तो थिनरचा.

आयसोसायनेट हे व्यावसायिक दम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. हा दमा पहिल्या दिवशी होत नाही. काही महिने, कधी काही वर्षे काम केल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाला ‘ओळखू’ लागते. एकदा ती ओळख पटली की अगदी थोडे प्रमाणही पुरते. शेजारच्या शेडमध्ये कोणी फवारणी केली तरी छाती आवळते. रसायन त्वचेवर सांडत राहिले तरी ही संवेदनशीलता येऊ शकते, म्हणून उघड्या हातांनी हार्डनर मिसळणे हेही धोक्याचेच.

रोगनिदान चुकते ते वेळेच्या फरकामुळे. खोकला आणि धाप पुष्कळदा फवारणीनंतर काही तासांनी, संध्याकाळी किंवा मध्यरात्री सुरू होते. तोवर पेंटर घरी झोपलेला असतो. त्यामुळे घरच्यांना थंडी, धूळ, उशीखालचा जुना कापूस यांचा संशय येतो. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी होते, ती निर्दोष निघते, इनहेलर सुरू होतो. बरे वाटते, आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गन हातात घेतो. इनहेलरने लक्षणे झाकली जातात, संपर्क मात्र तसाच राहतो. वेळीच काम बदलले तर अनेकांचा दमा निवळतो. संपर्क जितका लांबतो तितकी तो कायमचा मुक्कामाला येण्याची शक्यता वाढते. एक साधा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो: सुटीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर बरे वाटते का? उत्तर ‘हो’ आले, तर पीक फ्लो मीटर नावाच्या प्लास्टिकच्या नळीत दिवसातून चार वेळा फुंकून, कामाचे आणि सुटीचे मिळून चार आठवड्यांचे आकडे वहीत लिहून आणायला सांगावे. तो आलेख बरेच काही सांगून जातो.

मास्कबद्दल गैरसमज भरपूर आहेत. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग शून्य. करोनाकाळात घरोघरी पोचलेला एन-95 कण अडवतो, बाष्प अडवत नाही. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क थोडा वेळ चालतो, पण आयसोसायनेटला वासच नसल्याने कार्ट्रिज केव्हा संपले हे घालणाऱ्याला कळत नाही. टू-के फवारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि हवा खेचून घेणारा बूथ हवा. कॉम्प्रेसर तर प्रत्येक गॅरेजमध्ये असतोच. त्याची हवा गनला मिळते, माणसाला मिळत नाही. (ती श्वासासाठी वापरायची तर तेल आणि ओलावा काढणारे वेगळे फिल्टर लागतात, हेही सांगायला हवे.) शेवटचा हात मारून झाल्यावर मास्क वर करून फिनिश न्याहाळायची सवय तर सार्वत्रिक आहे, आणि नेमके तेव्हाच हवेत तुषार भरलेले असतात. ‘आमचा रंग वॉटरबेस आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. पाणी खालच्या रंगात असते. वरचा क्लिअर तरीही बहुधा हार्डनरवालाच असतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः रंगवणाऱ्या हौशी मंडळींनी तर विशेष जपावे. तळाशी असलेले बटण दाबून मग वापरायचे ‘टू-के’ स्प्रे कॅन मिळतात. त्यातही तेच हार्डनर असते, आणि बेसमेंटमध्ये हवा खेळत नाही.

कायद्याने हा आजार ओळखला आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांत आयसोसायनेटची विषबाधा होती. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तरच तो कायदा लागू होई, आणि 2020 च्या नव्या संहितेत ही मर्यादा 20 झाली. दोन मिस्त्री आणि एक हेल्पर असलेले डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज त्यात कुठे बसणार? युरोपीय संघाने ऑगस्ट 2023 पासून व्यावसायिक वापरासाठी प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बघून-बघून शिकतो.

म्हणून कार शोच्या आयोजकांनी प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा: गाडी पुन्हा रंगवली असल्यास बूथमध्ये आणि हवापुरवठ्याच्या मास्कसह रंगवली का? त्यासाठी गुणही ठेवावेत. यावर ‘छोट्या गॅरेजला बूथ परवडत नाही’ हा आक्षेप खरा आहे. पण औद्योगिक वसाहतीत पाच-दहा गॅरेजांनी मिळून भाड्याने वापरायचा एक बूथ उभा करता येतो, आणि स्पर्धेच्या गाडीवर लाखभर रुपये घालणाऱ्या मालकाला त्याचे भाडे जड जाऊ नये.

त्याहून चांगले म्हणजे कंपनीचा मूळ रंगच राखणे. वरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. जाडी मोजण्याचे यंत्र लावून, जपून पॉलिश केले तर बहुतेक ओरखडे निघतात, आणि पूर्ण वाळलेला रंग पॉलिश करताना फवारणीतला तो धोका नसतो. फक्त अलॉय व्हील साफ करताना बाटलीवरचे लेबल वाचावे. काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. सुरुवातीला काहीच दुखत नाही, काही तासांनी हाडापर्यंत कळा जातात आणि रक्तातले कॅल्शियम घसरते. भरपूर पाण्याने धुऊन बाटलीसकट रुग्णालय गाठावे; त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात.

पेंटरनेही खोकला घेऊन ओपीडीत येताना हार्डनरच्या डब्याच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणावा. ‘आयसोसायनेट’ हा शब्द तिथे अगदी बारीक अक्षरांत, पण असतो. केसपेपरवर ‘मजुरी’ लिहिले जात असेल, तर ‘गाड्यांचा स्प्रे पेंटर’ असे लिहायला सांगावे.