दुरुस्ती किती सोपी, हेही कंपन्यांनी सांगावे

जुन्या पिकअपचा क्लच गेला की मालकाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: खर्च किती आणि गाडी किती दिवस उभी राहणार. त्यांचे उत्तर मेकॅनिकच्या हातात असते असा आपला समज. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच ठरून गेलेले असते. बिघडणारा भाग कुठे बसवला, त्याचे रबरी किट सुटे विकायचे की नाही, दुरुस्तीची माहिती कोणापर्यंत पोचू द्यायची, हे कंपनी ठरवते आणि त्याची किंमत दहा वर्षांनी गाडीचा दुसरा किंवा तिसरा मालक मोजतो. शोरूममध्ये मायलेज सांगतात, किती टन माल बसेल ते सांगतात, हप्ता तर आवर्जून सांगतात. गाडी दुरुस्त करायला किती सोपी आहे, हे सांगण्याचे बंधनही कंपन्यांवर असले पाहिजे आणि त्याची सुरुवात छोट्या मालवाहू गाड्यांपासून व्हायला हवी.

हायड्रॉलिक क्लचची रचना तशी साधी. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलले जाते, तिथला पिस्टन सरकतो आणि क्लच सुटतो. दोन्ही सिलिंडरांत दाब धरून ठेवतात ती रबराची छोटी सील. ती झिजली की पेडल मऊ लागते, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो, पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी पुढे सरकते. जाणता मेकॅनिक अशा वेळी लगेच गिअरबॉक्सला हात घालत नाही. आधी तो ऑइलची पातळी पाहतो, मग स्लेव्ह सिलिंडरवरची रबरी टोपी उचलतो. आत ओल असेल तर गळती तिथेच आहे. बाहेर कुठेच ओल नाही, हवा काढून झाली, तरी दाबून धरलेला क्लच हळूहळू पुन्हा पकडू लागतो, तर मास्टरचे आतले सील दाब सोडते आहे. सिलिंडर खोलल्यावर तो आतल्या भिंतीवरून बोट फिरवतो. भिंत गुळगुळीत लागली तर नवे किट टाकायचे, हवा काढायची, गाडी संध्याकाळी कामावर. बोटाला गंजाचे खड्डे लागले तर नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा खराब होणार, तेव्हा सिलिंडरच बदललेला बरा. दोन्ही वेळा काम आटोक्यात राहते.

हे झाले स्लेव्ह सिलिंडर बाहेर बसवलेला असेल तेव्हाचे. नंतरच्या अनेक गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आवरणाच्या आत, शाफ्टभोवती आणि रिलीज बेअरिंगला जोडूनच बसवलेला असतो. गळणारे सील तेवढेच छोटे, पण तिथवर पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शिवाय सील सहसा सुटे मिळत नाही, सगळा भागच नवा घ्यावा लागतो. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही बदलून घ्या, असा सल्ला मेकॅनिक देतो आणि तो चुकीचाही नसतो. बिघाड एकच असला तरी बिलात मोठी तफावत पडते आणि ती मालकाच्या वापरामुळे पडलेली नसते.

हा प्रश्न चेन्नईत जितका ठळक दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. अशोक लेलँडचे मुख्यालय याच शहरात आहे. २०११मध्ये बाजारात आलेल्या कंपनीच्या ‘दोस्त’ या छोट्या मालवाहू गाडीच्या सुरुवातीच्या खेपा आता जुन्या गाड्यांत मोडतात. वाहनांच्या हायड्रॉलिक भागांसाठी ओळखली जाणारी ब्रेक्स इंडिया १९६२ साली सुरू झाली, तीही इथल्याच पाडी भागातली. दुसरीकडे कूवम नदीकाठच्या पुदुपेटमध्ये जुन्या गाड्या खोलून त्यांचा भाग न् भाग विकला जातो आणि नव्या स्पेअर पार्टसाठी जनरल पॅटर्स रोडची दुकाने आहेत. मुंबईकराला कुर्ल्यावरून याची कल्पना येईल. त्यात समुद्राकाठची दमट हवा. ब्रेक आणि क्लचचे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. क्लचच्या बाबतीत उकळण्यापेक्षा गंज जास्त नडतो. बोटाला लागणारे ते खड्डे याच पाण्याने पडतात. म्हणजे भाग बनवणारे, विकणारे, बसवणारे आणि ते बिघडवणारी हवाही एकाच शहरात. तरीही कुठल्या मॉडेलचा क्लच दुरुस्तीला सोपा, हे कोयंबेडूच्या बाजारात भाजी वाहणाऱ्याला गाडी घेण्याआधी कळण्याची सोय नाही. नारायणगावहून टोमॅटो भरून निघणाऱ्याचीही तीच गत.

या विषयाकडे सरकारचे लक्ष गेलेलेच नाही, असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या निवडक क्षेत्रांत वाहनेही होती. मात्र मे २०२५मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा आराखडा सादर झाला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. भाग किती खोलवर आहे, सुटा मिळतो का, माहिती खुली आहे का, हे त्यातले निकष पिकअपच्या क्लचला जसेच्या तसे लागू पडतात. फोन बंद पडला तर गैरसोय होते, पिकअप बंद पडली तर त्या दिवशीची कमाई बुडते. तरीही निर्देशांक आधी फोनला मिळतो, हा क्रम उलटा आहे.

यावर कंपन्यांचे म्हणणे असे की आत बसवलेला सिलिंडर ही तांत्रिक सुधारणा आहे: फोर्क आणि त्याचे झिजणारे सांधे जातात, दाब सरळ बसतो. ते खरेच आहे आणि निर्देशांक अशा रचनेवर बंदी घालतही नाही. तो एवढेच म्हणतो की सुधारणेसोबत येणारी दुरुस्तीची मजुरीही ग्राहकासमोर मांडा. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. ऑगस्ट २०२१मध्ये स्क्रॅप धोरण जाहीर झाले असताना जुन्या गाड्यांना जगवायचे कशाला? ज्या गाड्या धूर ओकतात, ज्यांची चेसी कुजली आहे, त्या भंगारात जाव्यातच. आठ वर्षांवरील व्यापारी वाहनाला दरवर्षी फिटनेस तपासणी आहे ती त्यासाठीच. पण गळक्या सीलचा आणि धुराचा काही संबंध नाही. गाडी भंगारात जायची तर तपासणीत नापास होऊन जावी, किट मिळाले नाही म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दुरुस्ती खुली केली की डुप्लिकेट माल आणि अर्धवट मेकॅनिक बोकाळतील. डुप्लिकेट सीलमुळे जीव जाऊ शकतो, कारण अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचे ऑइल एकाच टाकीतून जाते आणि त्यात कोणी भलतेच खनिज तेल ओतले तर दोन्हीकडची रबरे फुगतात. मात्र डुप्लिकेट माल सर्वांत जास्त खपतो तो ओरिजनल मिळत नाही किंवा परवडत नाही तिथेच, आणि माहिती दडवून मेकॅनिक शहाणा होत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी वाहनदुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली करण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला, तेव्हाही सुरक्षिततेचा मुद्दा पुढे आला होता.

कंपनीच देश सोडून गेली तर काय, हाही प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. जनरल मोटर्सने २०२०च्या अखेरीस तळेगावचे उत्पादन थांबवले, फोर्डचा चेन्नईतला कारखाना २०२२मध्ये बंद झाला. गेलेल्या कंपनीच्या गाड्या मात्र मागे राहतात आणि त्यांना सुटे भाग लागतातच. म्हणून मालवाहू वाहनाच्या विक्रीपरवानगीबरोबर तीन अटी असाव्यात: क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग व किट शेवटची गाडी विकल्यानंतर पंधरा वर्षे मिळतील याची हमी, दुरुस्तीची पुस्तिका मराठी-तमिळसह भारतीय भाषांत खुली आणि शोरूममधल्या किमतीच्या फलकावर मायलेजच्या शेजारी दुरुस्तीचा निर्देशांक. यातली एकही अट कारखान्यातले यंत्र बदलायला लावत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने वाहनांना आपल्या यादीत घेतले आहे, निर्देशांकाचे निकषही तयार आहेत. आता ते परिवहन मंत्रालयाच्या नियमांत आणणे एवढेच काम उरले आहे.