ऐकून उठता आले पाहिजे

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन साडेपाच वर्षे झाली होती. विधवांच्या या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. त्याच भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली. पुढे सदन पुण्याला आले आणि वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करीत. दार उघडेच असे. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच खोलीत प्रार्थना करताना दार लावूनही घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

या भांडणात रमाबाईंची बाजू बिनतोड वाटते. आपला धर्म लपवून जगा, असे कुणी कुणाला का सांगावे? विचारले तर समजावून सांगण्यातही गैर काही नाही. पण उंबरठा ओलांडून आत येणारी मुलगी कोण होती, हेही पाहायला हवे. बहुतेकींना घरात जागा उरलेली नव्हती. जेवण, अंथरूण, पुस्तक, सगळे बाईंकडून मिळत होते. अशा मुलीने प्रार्थनेला बसावे की बसू नये, हे ती कितपत मोकळेपणाने ठरवू शकत होती? बाईंनी दबाव आणला, असे म्हणायचे नाही. तो आणावा लागत नाही, हीच तर अडचण आहे.

रमाबाईंना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? इंग्लंडमध्ये त्या स्वतः ऐकणाऱ्याच्या जागी होत्या. बाप्तिस्मा घेऊनही चर्चची प्रत्येक शिकवण निमूट मान्य करायला त्यांनी नकार दिला आणि वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून खणखणीत वाद घातला. ज्यांच्या आश्रयाला आपण आलो त्यांनाच ‘हे मला पटत नाही’ म्हणायला जी छाती लागते ती रमाबाईंकडे होती. शारदा सदनातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीकडून तशा छातीची अपेक्षा कशी करायची?

कायद्याने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रचाराचा हक्क दिला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी स्टॅनिस्लॉस खटल्यात त्याची मर्यादा आखली: आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. घटनापंडित एच. एम. सीरवई यांना हा निकाल अजिबात पटला नाही. ऐकून माणसाचे मन बदलले तर तेही त्याच्या सदसद्विवेकाचेच स्वातंत्र्य, असा त्यांचा रोख होता, आणि तो योग्य होता. न्यायालयासमोर आलेल्या ओडिशा आणि मध्य प्रदेशच्या कायद्यांत जबरदस्ती आणि फसवणुकीबरोबर प्रलोभनही निषिद्ध होते. त्यातली ‘प्रलोभना’ची व्याख्या ओडिशाच्या उच्च न्यायालयाला फारच सैल वाटली होती. सैल व्याख्येत मग सगळेच मावते: दवाखाना, शाळा, आजाऱ्यापाशी बसून केलेली प्रार्थना, आणि नुसते पुस्तकसुद्धा.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या बाबतीत तेच झाले. वसईचा हा धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिक चालवत होता, हरित वसईच्या लढ्यात उभा होता, मराठी संतांचा अभ्यासक होता. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि आपला धर्म मराठी वाचकाला मराठीतच समजावून सांगितला. ज्याला पटले नाही त्याने पान उलटले. कुणाचे जेवण त्यावर अवलंबून नव्हते. तरी उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड होताच, ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून विरोध सुरू झाला. वाचक कधीही पुस्तक मिटायला मोकळा आहे, हे या मंडळींच्या ध्यानातच आले नाही.

आणि जिथे माणूस खरोखर अडकलेला असतो तिथे आपण बघत नाही. साहेबांच्या घरी गुरुवारी सत्संग असतो. शिपायाला, कारकुनाला ‘साहजिकच’ निमंत्रण असते. जाऊन बसणारा भक्तीने बसतो की बढतीसाठी, हे साहेबांना कधी विचारावेसे वाटत नाही. वसतिगृहातली सक्तीची आरती, संस्थाचालकाच्या गुरूंचे प्रवचन, मदतीच्या धान्याबरोबर हातात ठेवलेली पुस्तिका, या सगळ्यांत शारदा सदनाइतकीही भीड पाळलेली नसते. रमाबाईंनी निदान शब्द दिला होता आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला रानडे होते.

अलीकडे महाराष्ट्रात काही मशिदी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आत बोलावतात. वजू कुठे करतात, नमाजात काय म्हणतात, हे दाखवतात. चहा होतो आणि पाहुणे घरी जातात. उपक्रम चांगला आहे, कारण पाहुणा कुणाचे काही देणे लागत नाही. फक्त यजमानांनी माहितीपत्रकातल्या सोप्या प्रश्नांवर थांबू नये. आज पाहुण्या म्हणून आलेल्या बायकांना आत घेतलेत, मग तुमच्या घरच्या बायका रोज इथे नमाजाला का दिसत नाहीत, असे कुणी विचारले तर त्याचे सरळ उत्तर द्यावे. आणि परतभेटीला आल्यावर यजमानांनी देवळाच्या गाभाऱ्यात कोण जाऊ शकतो हे विचारले, तर आपण घड्याळाकडे पाहू नये.