टर्बोला हात लावण्याआधी मोजा

"टर्बो गेलाय" असं डिझेल गाडीच्या मालकाला सांगण्याआधी ज्याने बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा, एकही आकडा पाहिलेला नाही, त्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. तो पार्ट विकणारा माणूस आहे. त्याच्या अंगात कंपनीचा शर्ट असो, हातात महागडा स्कॅनर असो, भिंतीवर ट्रेनिंगची सर्टिफिकिटं टांगलेली असोत. न मोजता निदान सांगणारा अंदाज विकतो आणि त्या अंदाजाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाडतो. हा धंदा आपल्याकडे राजरोस चालतो, आणि त्याला शिस्तीत फसवणूक म्हणायला कोणी तयार नाही. मी म्हणतो.

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. गाडी खालच्या आरपीएमला ओढत नाही. सिग्नल सुटल्यावर मागचे हॉर्न मारत राहतात आणि गाडी ढिम्म. घाटाच्या वळणावर दुसरा टाकला तरी दम नाही. काटा दोन-अडीच हजारांच्या पुढे गेला की मात्र तीच गाडी सुसाट सुटते. कुंभार्ली घाटात ट्रकला ओलांडायला गाडी बाहेर काढली आहे, समोरून एसटी येते आहे आणि पायाखालचं पेडल काहीच देत नाही, हा प्रसंग ज्याच्यावर आला त्याला "पिकअप थोडा कमी आहे, चालवा तसंच" हे उत्तर देणाऱ्याची मला चीड येते. माणसं मरतात अशाने.

गाडी आत घेतल्या घेतल्या विचारायचा प्रश्न फुकटचा आहे आणि तोच विचारला जात नाही: पहिल्यापासून अशीच आहे, की आता झाली? फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आठवा. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं आणि पुढे निम्म्या महाराष्ट्राने चालवलं. ७५ हॉर्सपॉवरच्या त्या इंजिनाचा १९० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळायचा. त्याखाली ते शोरूममधून निघतानाही मंदच होतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी तीसने गाडी रेटणाऱ्याला गिअर खाली टाकायला शिकवायचं असतं, त्याला इंजेक्टर विकायचे नसतात. पण "महिन्याभरापूर्वीपर्यंत ठीक होती" असं मालक म्हणाला, तर तिथून पुढे शोध घेणं हे मिस्त्रीचं कर्तव्य आहे. त्याने गाडी थंड असताना चालवून बघावी, गरम झाल्यावर बघावी, मालकाला शेजारी बसवून बघावी. धूर काळा येतो का, भार पडल्यावर फुस्स आवाज येतो का, शिट्टी वाजते का, हे कानाने आणि आरशात बघून कळतं. किती वर्कशॉपमध्ये हे होतं? जॉबकार्डवर "लो पिकअप" लिहून गाडी आत जाते आणि संध्याकाळी एस्टिमेट बाहेर येतं.

टर्बोचं काम कसं चालतं ते नीट समजून घेतलं की ही लबाडी उघडी पडते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं ती साधी आहे: वाया जाणाऱ्या एक्झॉस्टने एक चाक फिरवायचं, त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात कोंबायची. कारमधला टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. खालच्या आरपीएमला एक्झॉस्टच कमी, म्हणून चाक सुस्त, म्हणून हवा कमी. यावर उपाय म्हणून व्हेरिएबल टर्बोमध्ये टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या बसवल्या. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की तेवढ्याच पाण्याची धार जोरात जाते, तसं या पात्या मिटल्या की तेवढाच एक्झॉस्ट वेगाने चाकावर आदळतो. आरपीएम वाढला की पात्या उघडतात.

आता या पात्या मिटवतं कोण? आपल्या रस्त्यांवरच्या कित्येक गाड्यांत हे काम व्हॅक्युम करतं. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम ज्या पंपातून येतो त्याच पंपातून एक फाटा एका छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हकडे आणि तिथून बोटाहून बारीक रबरी नळीने टर्बोच्या अॅक्ट्युएटरकडे जातो. अॅक्ट्युएटरची सळई ओढली गेली की पात्या मिटतात. व्हॅक्युम गेला की पात्या उघड्या पडून राहतात. मग काय होईल? खाली दम नाही, वर गाडी बऱ्यापैकी ठीक. म्हणजे मालक जी तक्रार घेऊन आला होता, शब्दशः तीच. इंजिनाच्या उष्णतेने ही नळी कडक होते आणि तडकते. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर ती कुरतडतात. ती बदलायला टर्बोच्या किमतीचा शंभरावा भागही लागत नाही.

माझ्या आत्येभावाच्या सात सीटच्या डिझेल गाडीला एका वर्कशॉपने टर्बो असेंब्ली बदलण्याचं एस्टिमेट दिलं होतं. शाफ्टला हात लावून खेळ बघितला होता का, म्हणून मी विचारलं. नाही. इंटरकूलरचा पाइप काढून आत किती ऑइल आहे ते पाहिलं होतं का? नाही. "स्कॅनरवर टर्बोचा कोड आलाय ना साहेब." मी बॉनेट उघडून त्याला गाडी चालू करायला सांगितलं. अशा गाडीत इंजिन चालू होताच ती सळई ठसठशीत ओढली जाते आणि बंद केलं की परत येते. हिची जागची हलली नाही. हातपंपाने थेट अॅक्ट्युएटरला व्हॅक्युम दिला तेव्हा सळई पूर्ण फिरली आणि पंपाच्या मीटरची सुई जागेवर टिकून राहिली. म्हणजे पात्या मोकळ्या, डायाफ्राम शाबूत, टर्बो निर्दोष. सोलेनॉइडकडून येणारी नळी क्लिपजवळ चिरलेली होती. मी त्या सुपरवायझरला हे दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या कोडबद्दल बोलायलाच हवं. पी०२९९ हा कोड म्हणजे "बूस्ट कमी". कॉम्प्युटरने अमुक दाब मागितला आणि सेन्सरने त्याहून कमी दाखवला, एवढंच तो सांगतो. दोषी कोण, हे तो सांगत नाही. नळी चिरली असेल, इंटरकूलरचा होज फाटला असेल, पात्या काजळीने जाम झाल्या असतील, टर्बोच्या आधीच एक्झॉस्ट गळत असेल, किंवा खुद्द दाब मोजणारा सेन्सर तेल-काजळीने लडबडून खोटं बोलत असेल. कोड वाचून टर्बो बदलणाऱ्याने स्कॅनर विकत घेतला आहे, वापरायला शिकलेला नाही. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ आणि त्यापुढच्या प्रत्येक नव्या गाडीत दुसऱ्या टप्प्याचं ओबीडी, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा, आहे. स्टिअरिंगखालच्या त्या सॉकेटमधून गाडी क्षणाक्षणाचे आकडे देते. ते बघायचे असतात.

सेन्सर खरा आहे का, हे बघायला एक पैसाही लागत नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद. आता बूस्ट सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत शंभरएक किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभी गाडी ११० दाखवत असेल तर टर्बोचा विषय तिथेच थांबवा आणि सेन्सर काढून साफ करा.

मग रस्त्यावर जाऊन तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारावरून पूर्ण पेडल दाबायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे: आत येणारी मोजलेली हवा आणि मॅनिफोल्डमधला दाब. एअरफ्लो सेन्सर भरपूर हवा आल्याचं सांगतो, पण दाब चढत नाही आणि मागे काळा धूर सुटतो, तर हवा टर्बोच्या पुढे कुठेतरी निसटते आहे; होज आणि क्लिपा बघा, स्मोक टेस्ट करा. हवाही कमी आणि दाबही कमी, तर टर्बोला ताकद मिळत नाही किंवा त्याला श्वासच घेता येत नाही. पात्या, व्हॅक्युम आणि एअर फिल्टर बघा. दाब मागणीइतका आहे पण हवा कमी दिसते, तर एअरफ्लो सेन्सर मळला आहे किंवा ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला आहे आणि ताज्या हवेची जागा एक्झॉस्ट खातो आहे. कॉम्प्युटर हवा मोजून डिझेल सोडतो, त्यामुळे हवा कमी दिसली की तो डिझेल आखडतो. धूर नाही, आवाज नाही, नुसता दम गेलेला. याच अवस्थेत लोकांना चारही इंजेक्टर विकले जातात.

ईजीआरचं नाव निघालं की माझा पारा आणखी चढतो. "ब्लॉक करून टाकू, मस्त पळेल" म्हणत पत्र्याची प्लेट ठोकणारे गल्लोगल्ली आहेत. प्लेट ठोकल्याने व्हॉल्व्ह का अडकला ते कळत नाही, आणि जे रोखायला ही यंत्रणा आहे ते नायट्रोजनचे ऑक्साइड सरळ आपल्या पोरांच्या छातीत जातात. डिझेलची पीयूसी फक्त धुराचा काळेपणा मोजते, म्हणून हे पकडलं जात नाही. पकडलं जात नाही म्हणून करणं हा निव्वळ नीचपणा आहे. व्हॉल्व्ह काढा, काजळी साफ करा, अडकत असेल तर बदला.

क्लच घसरणं, जाम झालेला ब्रेक, तुंबलेला डिझेल फिल्टर, बीएस-६ गाडीत शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी भरलेला डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर), हेही तपासात येतंच. क्लच घसरत असेल तर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही. कोणत्याही मशीनशिवाय कळतं. इंजेक्टरचा संशय असेल तर परतीचं डिझेल चार बाटल्यांत गोळा करून तुलना करा, मग बोला. आणि टर्बो खरोखरच गेला असेल तर तो का गेला हे सांगा. ऑइलचा पाइप चोंदल्यामुळे बेअरिंग गेलं असेल आणि पाइप तसाच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही जाणार.

मिस्त्री असं का वागतात याचं अर्धं उत्तर आपल्याकडे, गिऱ्हाइकांकडे आहे, आणि ते मी सोडणार नाही. तासभर डोकं लावून चिरलेली नळी शोधणाऱ्याला आपण म्हणतो, "नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?" नळीचे पैसे देतो आणि निघतो. तोच माणूस टर्बो बदलता तर त्याच्या मार्जिनसकट हजारो रुपये मुकाट मोजले असते. निदानाला शून्य आणि पार्टला नफा असा भाव आपणच ठरवला. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल होऊन बाहेर पडलेलं पोरगं हे पहिल्या महिन्यातच शिकतं. वर्कशॉपने त्याला महिन्याचं पार्ट विक्रीचं टार्गेट दिलं की उरलंसुरलं शिक्षण पूर्ण होतं.

म्हणून यापुढे एस्टिमेटवर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा. तिसऱ्या गिअरमध्ये, दीड ते अडीच हजार आरपीएममधल्या मागितलेल्या आणि मिळालेल्या बूस्टचा छापील आलेख. व्हॅक्युम, होज आणि सेन्सर तपासल्याची जॉबकार्डवर नोंद. आणि काढलेला जुना पार्ट तुमच्या डिकीत. हे देणाऱ्याला त्याच्या निदानाचे वेगळे, भरपूर पैसे द्या. टाळाटाळ करणाऱ्याकडून किल्ली परत घ्या.