हलका स्वर

मोठ्यानें गाणाऱ्यास श्रोते आपोआप मिळतात. हळू गाणाऱ्यास ते मिळवावे लागतात. नारपोलीसारख्या ठिकाणीं, जेथें यंत्रमागांच्या खडखडाटांत आवाज चढवूनच बोलावें लागतें, तेथें हें विशेष जाणवतें.

कवीनें आपलें गीत आपणच गावें, ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. १९२३ सालीं पुण्यांत निघालेल्या रविकिरण मंडळाच्या यशवंत, गिरीश प्रभृति कवींनीं काव्यगायन लोकप्रिय केलें. पुढें गजाननराव वाटव्यांनीं कवितांस चाली लावून त्या स्वतः गाइल्या. श्री. संदीप खरे व डॉ. सलील कुलकर्णी यांचा २००३ सालीं सुरू झालेला 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम त्याच वाटेवरचा. कशेळीची खाडी ओलांडून ठाण्यास जाऊन आम्हीं तो पाहिला. तानांची आतषबाजी नाहीं. खरे यांचा गळा गवयाचा नव्हे, परंतु स्वतःच्या शब्दाचें वजन त्यांस ठाऊक. ते स्वर उतरवीत, तसतसें सभागृह निःशब्द होई.

"हें कसलें गाणें?" असें कांहीं वडील मंडळी म्हणतील. येथें रागदारीचा कस लावूं नये, इतकेंच आमचें म्हणणें. मात्र एक विचार मनांत राहतो. परक्या कवीचा हलका स्वर ऐकावयास आपण तिकीट काढून जातों; घरांतील धाकटी सून किंवा अबोल मुलगा हळूच कांहीं सांगूं लागला, तर मात्र "मोठ्यानें बोल" म्हणून दटावतों. वाचकहो, श्रोत्यानें गप्प राहणें हें गाणाऱ्याच्या कलेचें अर्धें अंग आहे. तें घरींहि पाळून पाहावें.