आपला देश नसलेली स्पर्धा

फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेचे वेड आता खेड्यापाड्यांतही पोचले आहे. 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कतारमध्ये ही स्पर्धा चालू होती, तेव्हा आमच्या शेंदूरजनाघाटला आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती. दिवसभर बगीच्यात कॅरेट भरणारी पोरे रात्री मोबाईलभोवती गोळा होत. 18 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि फ्रान्स 3-3 असे बरोबरीत राहिले. पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2 ने जिंकताच आम्ही नाचलो. तेव्हा वडिलांनी विचारले, "अबे, आपला देश तं नाही ना त्याच्यात, मंग तुमी कायले नाचता?"

वडील चौथीपर्यंतच शिकले. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, देश नसतो म्हणूनच आपण तिथे खेळ पाहतो. क्रिकेटमध्ये भारत हरू लागला की निम्मे प्रेक्षक उठून जातात. त्या रात्री मात्र मेस्सीचा जयजयकार करणारी पोरेदेखील, तीन गोल करूनही हरलेल्या एम्बाप्पेसाठी हळहळली. प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करण्याचे हे शिक्षण लहान नाही.

दुसरे उत्तर मात्र कडू आहे. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी जेवढे दाखवतात, तेवढेच आपण फुटबॉल समजतो. मेस्सीची कुंडली तोंडपाठ असणाऱ्या किती मित्रांना नेव्हिल डिसोझा ठाऊक आहे? 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या गोमंतकीय खेळाडूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारत 4-2 ने जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत तर आपण सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्यांच्या विजयाचे रकाने भरतात आणि आपला इतिहास कोपऱ्यातही येत नाही, तेव्हा चाहत्याचा नुसता गिऱ्हाईक होतो.

याला उपाय नाही असे नाही. कोल्हापूर पाहा. जागतिक स्पर्धा आली की तिथल्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना यांत वाटल्या जातात. पण तिथे पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचे स्वतःचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना गर्दी लोटते. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. इतके दूर तरी कशाला? शेजारच्या नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना मैदानावर आणले. त्या चळवळीतले खेळाडू बेघरांच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळले. म्हणजे आपला देश असलेली जागतिक स्पर्धाही आहे, पण तिच्यासाठी रात्री कोणी जागत नाही!

रात्र जागून सामने जरूर पाहावेत. परंतु पायाला चेंडू लागल्याशिवाय डोळ्यांना खेळ कळत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून आपल्या जिमखान्याला माझी विनंती आहे की, येत्या वर्षी वर्गावर्गांचे फुटबॉल सामने भरवावेत, त्यांत मुलींचेही संघ असावेत. आणि त्या सामन्यांचा वृत्तांत आपण विद्यार्थ्यांनीच भित्तिपत्रकात लिहावा. आपली बातमी दुसरा कोणी छापील, याची वाट किती दिवस पाहायची?