लिनक्स टाकताना डेटा का उडतो? ‘पार्टिशन’चा घोळ आधी समजून घ्या

नाशिकमधील बरीच अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे संगणक शाखेची अनेक प्रॅक्टिकल्स लिनक्सवर होतात. लॅबमध्ये ते आधीच टाकलेले असते. घरच्या लॅपटॉपवर मात्र विद्यार्थी एखाद्या सीनियरच्या किंवा यूट्यूबच्या भरवशावर पेनड्राइव्ह लावतो आणि पार्टिशनच्या स्क्रीनवर अडतो. तिथे सर्वांत सोपा दिसणारा पर्याय असतो ‘इरेज डिस्क’. त्याचा अर्थ फक्त सी ड्राइव्ह पुसणे असा नाही. त्याच डिस्कवरचे डी, ई, घरचे फोटो, वडिलांच्या दुकानाचे हिशेब, सगळेच जाते.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण अर्धवट असतो.

काही इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते. बायोसमध्ये ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ मोड सुरू असतो, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो. इथेच घाई नडते. विंडोजला सेफ मोडची तयारी न करता हा बदल केला, तर विंडोज सुरूच होत नाही.

दुसरी अडचण बिटलॉकरची. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच डिस्क एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये हात घातला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा त्याच अकाउंटमध्ये सापडते. आधी लिहून ठेवलेली बरी.

जुन्या मशीनची तऱ्हा वेगळी. ‘एमबीआर’ पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन मावतात. कंपनीने रिकव्हरी धरून चारही वापरली असतील, तर डिस्कवर मोकळी जागा असूनही लिनक्सला ती घेता येत नाही. अशा वेळी विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करण्याचा पर्याय सुचवते. तो घेऊ नये, कारण त्याने गुंता आणखी वाढतो.

म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर नव्हे. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, जागाही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच ‘श्रिंक’ करून काढावी आणि इन्स्टॉलरला ती मोकळी जागा दाखवावी.

यात दोष विद्यार्थ्याला देणे सोपे आहे. पण ज्या कॉलेजांना मुलांनी घरीही लिनक्स वापरावे असे वाटते, त्यांनी सत्राच्या सुरुवातीला दोन तास यासाठी द्यायला काय हरकत आहे? व्हर्च्युअलबॉक्समध्ये २५ जीबीची आभासी डिस्क बनवून तीच दहा वेळा पुसू द्यावी. त्यासाठी लॅबमध्ये आहेत तेच संगणक पुरतात.