हलणारे पडदे, न हलणारी डोकी

जुन्या युरोपीय संगीताच्या मैफलींची माहितीपत्रकं मी आवडीने वाचतो. कधीकधी मैफलीपेक्षा करमणूक त्यांतच जास्त असते. ल्यूट कुठल्या जुन्या वाद्याबरहुकूम घडवली, तिची पाठ कुठल्या लाकडाची, तारा कशा खऱ्या तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, सगळं त्यात छापलेलं असतं. सूरही ४४० हर्ट्झऐवजी ४१५ वर लावलेला. हा ४१५ आकडा आधुनिक सोयीचा आहे, ४४० च्या बरोबर एक अर्धस्वर खाली. पण तो उच्चारला की अस्सलपणाचं प्रमाणपत्र मिळतं. मग कलाकार मंचावर येतो, फोनवरच्या ट्यूनरचा दिवा हिरवा होईपर्यंत खुंट्या पिळतो आणि सोळाव्या शतकातली फँटसी सरळ आजच्या पियानोच्या स्वरांतरांत वाजवतो. लाकूड जुनं, तात जुनी, सूर मात्र दुकानातल्या कीबोर्डचे. याला मी ढोंग म्हणतो.

ल्यूटच्या मानेवरचे पडदे तातीचे असतात, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. अंगठ्याने रेटले की सरकतात. आमच्या सतारीचे धातूचे पडदेही दोऱ्याने बांधलेले असतात. रागात कोमल धैवत आला की सतारिया पडदा सरकवतो आणि वाजवू लागतो. त्यावर कोणी परिसंवाद भरवत नाही. मी मूळचा सतारीचा माणूस, ल्यूट नंतर हाती आली. एका शिबिरात तिचा चौथा पडदा जरा सरकवला, तर गुरुजी म्हणाले, ‘तो तिथेच असू द्या, पुन्हा जागेवर आणताना वेळ जातो.’ जागेवर म्हणजे कुठे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ट्यूनर सांगेल तिथे, एवढाच अर्थ मी काढला.

मुद्दा साधा आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर नैसर्गिक शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर लागतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की हाच गंधार ४०० वर जातो, म्हणजे १४ सेंट चढतो. पंचमाचं नुकसान जेमतेम २ सेंटचं. गंधाराची मात्र कत्तल होते. सोळाव्या शतकातलं युरोपीय संगीत या गंधारावर उभं आहे. त्यासाठी तिथल्या लोकांनी पंचम थोडे थोडे उतरवले, गंधार गोड केला आणि त्याची किंमत म्हणून अर्धस्वर लहानमोठे झाले. हेच मीनटोन.

ल्यूटवर यातलं सोपं काम चौथ्या पडद्याचं. सहा जोड्या जाडीकडून बारीककडे जी, सी, एफ, ए, डी, जी अशा लावल्या, की चौथ्या पडद्यावर बहुतेक वेळा मोकळ्या तारेचा गंधारच हवा असतो. साठ सेंटिमीटरच्या तारेवर हा पडदा खुंट्यांच्या दिशेने चार मिलिमीटर सरकवला की काम झालं. लुईस मिलान १५३६ च्या ‘एल माएस्त्रो’मध्ये, ल्यूटची स्पॅनिश बहीण असलेल्या विहुएलासाठी, काही रचनांपूर्वी नेमका हाच चौथा पडदा सरकवायला सांगतो. शिबिरातल्या गुरुजींच्या कपाटात मिलान असणारच. नीट बांधणी केलेला.

खरी अडचण पहिल्या पडद्याची. सीच्या तारेखाली तिथे सी-शार्प हवा आणि एफखाली एफ-शार्प, म्हणजे लहान अर्धस्वर. त्या काळच्या प्रसिद्ध पाव-कॉमा मीनटोनमध्ये, म्हणजे कॉमा नावाच्या सूक्ष्म अंतराच्या पावभागाने पंचम उतरवणाऱ्या पद्धतीत, तो ७६ सेंटचा. ए आणि डीच्या तारांखाली हवेत बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट, म्हणजे मोठा अर्धस्वर, ११७ सेंटचा. साठ सेंटिमीटरच्या तारेवर पहिली जागा २.६ सेंटिमीटरवर पडते आणि दुसरी ३.९ वर. सव्वा सेंटिमीटरहून जास्त अंतर, आणि बांधायला तातीचा एकच सरळ वेढा! जुन्या वादकांनी तो तिरका बांधून पाहिला, मधली जागा शोधली, किंवा हव्या त्या तारेखाली लाकडाची बारीक चीप चिकटवली. हिला तास्तीनो म्हणतात. आजचा ल्यूटवाला काय करतो? ३.४ वर पडदा बांधतो. चारही स्वर सारखेच बेसूर झाले की त्याला समानतेचं समाधान मिळतं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, विन्चेन्झो गॅलिलीनेच १५८१ मध्ये १८:१७ चं प्रमाण दिलंय.’ दिलंय, अगदी बरोबर. गॅलिलिओचे हे वडील ल्यूट वाजवणारे होते, लिहिणारे होते आणि भांडकुदळही होते. उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजायचा, पडदा बांधायचा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग, असं बारा वेळा. अर्धस्वर ९९ सेंटचा येतो. बाराव्या पडद्यापर्यंत साठ सेंटिमीटरच्या तारेवर दोन मिलिमीटरची चूक साचते, पण तेवढं चालवून घेऊ. गॅलिलीला या समानतेची गरज होती. १५८४ च्या त्याच्या हस्तलिखितात तो बाराही स्वरांवरून नाच वाजवतो. असल्या उद्योगाला समान पडदेच हवेत. तुम्ही बाराही स्वरांवरून वाजवणार असाल तर खुशाल गॅलिलीचं नाव घ्या. तुमच्या कार्यक्रमात बहुतेक सगळं जी, सी आणि एफच्याच आसपास घुटमळतं. शिवाय हाच गॅलिली तास्तीनोवर तोंडसुख घेतो. जी चीप कोणी लावतच नव्हतं, तिच्यावर तो इतका उखडला कशाला असता?

दुसरं उत्तर जरा अभ्यासू असतं. इटालियन संगीतलेखक विचेंतिनो १५५५ मध्ये आणि बोत्रिगारी १५९४ मध्ये सांगतात, की पडद्यांची वाद्यं अर्धस्वर समान करतात आणि त्यामुळे कीबोर्डच्या वाद्यांशी त्यांचं जमत नाही. बरोबर. पण ही तक्रार आहे महाराज, शिफारस नव्हे. आजही हार्पसिकॉर्ड मीनटोनमध्ये लावून शेजारी समान पडद्यांचा थिऑर्बो, म्हणजे लांब मानेची ल्यूट, बसवतात, आणि दर गंधाराला दोघांत जी खरखर होते तिला ‘त्या काळचा नाद’ म्हणतात. बोत्रिगारीने ज्या रोगाविषयी लिहिलं, तोच यांनी परंपरा म्हणून जपला आहे.

आणि डाउलंड? मुलगा रॉबर्टने १६१० मध्ये छापलेल्या ‘व्हरायटी ऑफ ल्यूट लेसन्स’मध्ये जॉन डाउलंड पडद्यांची मापं देतो. पहिला पडदा तारेच्या ३३ भागांपैकी २ भागांवर. गॅलिलीचा ३६ पैकी २ वर. साठ सेंटिमीटरवर तीन मिलिमीटरचा फरक, आणि डाउलंडच्या मापांत समान अर्धस्वरांचा मागमूस नाही. न्यूरेंबर्गच्या हान्स गेर्लेची १५३२ ची मापंही असमानच. ल्यूटच्या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव, म्हणजे डाउलंड, हे असं सांगतं आणि त्याच्याच रचना वाजवणारे त्याच्याच मापांकडे पाठ फिरवतात. ‘फॉर्लर्न होप फॅन्सी’ घ्या. अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरणारी सहा स्वरांची ओळ, तीच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आवाजांत. असमान पडद्यांवर तिची एक पायरी आखूड पडते, दुसरी लांब. पाय अडखळतो, आणि त्या अडखळण्यात त्या रचनेचं सारं दुःख आहे. समान पडद्यांवर तीच ओळ लिफ्टसारखी उतरते. मग वादक चेहऱ्यावर व्याकूळ भाव आणतो, कारण सुरांत तो उरलेला नसतो.

आता दुसऱ्या टोकाच्या सोवळ्यांकडे वळतो. हे पाव-कॉमावाले. ही पद्धत ज्याच्या नावावर सांगतात तो पिएत्रो आरोन, सन १५२३, पंचम ५.४ सेंट उतरलेला, सगळं पाठ. पडदे कॅलिपरने मोजून बांधतात, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. तात दाबली की बोटाच्या जोराने सूर काही सेंट सहज चढतो, जुनी तात स्वतःच खोटं बोलते, हवा दमट झाली की सगळी जुळणी ढासळते. आणि हे दशांश मोजत बसतात. जर्मन संगीतलेखक मॅथेसनने १७१३ मध्ये टोमणा मारला होता, की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवाल्याची साठ वर्षं तार जुळवण्यात गेलेली असतात. तो यांनीच खरा केला. त्यातही हे गृहस्थ एकदा पाव-कॉमा बांधला की रचना बदलली तरी पडदा हलवत नाहीत. ट्यूनरवाल्यांत आणि यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. दोघांनाही पडदा खिळ्यासारखा ठोकलेला हवा.

माझं मत विचाराल तर ल्यूटसाठी षष्ठांश-कॉमा बरा. गंधार ७ सेंट चढा राहतो, पण सहन होतो. पहिल्या पडद्याच्या दोन जागांतलं अंतर सहा मिलिमीटरवर येतं आणि तिरका वेढा किंवा एक चीप ते सांभाळून घेते. यातला मोठा अर्धस्वर १०८ सेंटचा, आणि डाउलंडचा पहिला पडदाही नेमका तिथेच पडतो. हा योगायोग असेलही. कानाला तो चांगला लागतो, मला तेवढं पुरे. तरी रचना बदलली की मी तोही सरकवतो.

मैफली भरवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. वाद्य घडवणाऱ्याचं नाव छापता, लाकडाची जात छापता, तातीच्या कारखान्याचा पत्ताही छापता. त्याखाली आणखी एक ओळ छापा: आज पडदे कुठे बांधले आहेत आणि का. समान बांधले असतील तर तसंच लिहा आणि पत्रकावरचा ‘अस्सल’ हा शब्द खोडा.